उणे १५ अंशांतला भाजीबाजार : मॅडिसनच्या बंदिस्त हिवाळी शेतकरी बाजारातून काय घ्यावे?

मृद्गंध | रविवार, ११ जानेवारी

नमस्कार.

आम्ही गेल्या ऑगस्टमध्ये पुण्याहून विस्कॉन्सिनमधील मॅडिसन शहरात राहायला आलो. येथील कॅपिटलच्या, म्हणजे राज्याच्या विधानभवनाच्या, चारही बाजूंनी दर शनिवारी सकाळी भरणारा शेतकरी बाजार आम्ही पानगळ संपेपर्यंत एकदाही चुकवला नाही. थंडी वाढल्यावर हा बाजार छपराखाली जातो : आधी तळ्याकाठच्या मोनोना टेरेसमध्ये आणि जानेवारीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत शहराच्या पूर्वेकडील गार्व्हर फीड मिल नावाच्या जुन्या विटांच्या इमारतीत. काल आम्ही या दुसऱ्या ठिकाणी प्रथमच गेलो.

परवा भोगी आहे. निघताना बाहेर उणे १५ अंश सेल्सिअस होते, मुलीच्या मफलरवर तिच्याच श्वासाचे दहिवर जमले होते आणि तरीही माझ्या मनात चित्र होते ते पुण्याच्या मंडईचे. माझ्या लेखी हिवाळा म्हणजे भाज्यांचा सुकाळ : पावटा, मटार, ओला हरभरा, वांगी, मेथीच्या जुड्या, बोरे. आत ऊब होती, गर्दी होती, कॉफीचा वास होता. टेबलांवर मात्र गाजरे, बीट, बटाटे, कांदे, भले मोठे नवलकोल, लाल भोपळ्याचे पाच-सहा प्रकार, सफरचंदे, मशरूम, चीज, मांस, मध, मेपल सिरप आणि पुष्कळ ब्रेड होता. हिरवे म्हणावे असे मोजक्याच टेबलांवर काही होते आणि तो पालक होता. त्याची लहानशी पिशवी सहा डॉलरची होती. दुकानात तेवढाच पालक निम्म्या किमतीत मिळतो.

म्हणून जाणकारांना मनापासून विचारते. हा बाजार खरोखर हिवाळ्याचा आहे, की उन्हाळ्यात उरलेल्या मालाची ही शिल्लक आहे? अशा बाजारातून नेमके काय घ्यावे आणि काय दुकानातूनच आणावे? आणि बाहेर सगळी जमीन दगडासारखी गोठलेली असताना तो पालक उगवतो तरी कसा?

---

जुना_मॅडिसनकर | ११ जानेवारी

मृद्गंधताई, स्वागत आहे. मी येथे १९ वर्षे राहतो आणि हा बाजार माझ्या आठवड्याचा खुंटा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

हा बाजार १९७२ मध्ये सुरू झाला आणि त्याचा मूळ नियम अजून टिकून आहे : जे विकायचे ते विस्कॉन्सिनमध्येच पिकलेले किंवा तयार झालेले असले पाहिजे आणि टेबलामागच्या माणसाने ते स्वतः पिकवलेले असले पाहिजे. घाऊक बाजारातून पेट्या उचलून आणायच्या आणि मांडायच्या, हे येथे चालत नाही. तुम्हाला वांगी आणि मटार दिसले नाहीत, याचे कारण हा नियमच आहे. जानेवारीत विस्कॉन्सिनच्या उघड्या शेतात वांगे असूच शकत नाही आणि ज्या दिवशी ते त्या टेबलावर दिसेल त्या दिवशी मी तेथे जाणे सोडेन.

गार्व्हरमध्ये येण्यापूर्वी हा बाजार गावातल्या ज्येष्ठ नागरिक केंद्रात भरत असे. तेथे बाजारातल्याच जिनसांची गरम न्याहारी मिळायची आणि लांबलचक टेबलांवर अनोळखी माणसे शेजारी बसून खायची. आताची जागा ऐसपैस आहे, पण त्या न्याहारीची आठवण मला दर जानेवारीत येते.

आता उपयोगाचे. सकाळी आठला पोहोचा, कारण पालक आणि अंडी आधी संपतात. पहिल्या फेरीत काहीही न घेता सगळी टेबले पाहा. आणि उन्हाळ्यात बर्फाचा डबा नेतो तसा कोल्ड बॉक्स हिवाळ्यातही सोबत न्या. त्याचे काम तेव्हा उलटे असते : गाडीच्या डिकीत अर्धा तास राहिलेला पालक, बटाटा आणि अंडे उणे १५ मध्ये गोठून वाया जाते. पहिल्या वर्षी माझी डझनभर अंडी अशीच तडकली होती.

---

हिशेबनीस | ११ जानेवारी

मी शिकागोच्या उपनगरात राहतो. आमच्याकडेही असे बंदिस्त बाजार भरतात आणि मी दोन हिवाळे नियमाने गेलो, त्यामुळे ऐकीव बोलत नाही. सहा डॉलरच्या पिशवीतला पालक शिजल्यावर एका वाटीत मावतो. चार माणसांच्या घरात ताकातली पालकभाजी करायची तर तीन पिशव्या लागतात, म्हणजे एका वेळच्या भाजीला १८ डॉलर. नोकरी करणाऱ्या जोडप्याला हे परवडेलही, पण नुकत्याच आलेल्या, एका पगारावर घर चालवणाऱ्या कुटुंबाला "हेच घ्या, हेच चांगले" असे सांगणे मला योग्य वाटत नाही. गोठवलेला पालक स्वस्त असतो, धुतलेला असतो आणि पौष्टिकही असतो.

दुसरे असे की यातल्या कित्येक बाजारांत भाजीची टेबले कमी आणि केक-बिस्किटांची जास्त असतात. मग त्याला शेतकरी बाजार का म्हणायचे?

---

सातबारा | १२ जानेवारी

मी निफाड तालुक्यातला शेतकरी आहे. अमेरिका पाहिलेली नाही, पण हा धागा वाचून राहवले नाही.

ताई, तुम्ही "शिल्लक" असा शब्द वापरला आहे. माल राखून ठेवणे हे पिकवण्याइतकेच कष्टाचे काम आहे, हे ज्याची कांदाचाळ आहे त्याला विचारा. आम्ही उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये काढतो, पात सुकवतो, गोलटी-चिंगळी, म्हणजे बारीक कांदा, बाजूला करतो, चाळीत भरतो आणि मग पावसाळाभर जीव मुठीत धरून बसतो. वजन घटते, सड लागते, कोंब फुटतात. दिवाळीपर्यंत जो कांदा टणक राहतो तो नशिबाने राहत नाही. त्यामागे चाळीची खालून वारा घेणारी फळी असते, काढणीच्या आधी पाणी किती दिवस तोडले याचा हिशेब असतो आणि कोणत्या वावरातला माल आधी विकायचा याचा अंदाज असतो.

मला जाणून घ्यायचे आहे की तेथील शेतकरी गाजरे जानेवारीपर्यंत कशी टिकवतात? आमच्याकडे गाजर आठवड्यात लोळते.

---

सुगड | १२ जानेवारी

सुगडात घालायला गाजर मिळाले, हे काय कमी आहे? बोरे नाहीत तर नाहीत, पण उसाचे कांडे मात्र त्या थंडीत कोणीच देऊ शकणार नाही.

---

प्रवराकाठ | १२ जानेवारी

सुगड, ऊस मिळणार नाही हे खरे, पण साखरेचे नाते त्या जागेशी आहे, आणि ते वाचून माझ्यासारख्या साखर कारखान्याच्या वसाहतीत वाढलेल्या माणसाला भरून येते.

ती गार्व्हर फीड मिलची इमारत मुळात साखर कारखाना म्हणून बांधली गेली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तेथे साखरबीटपासून साखर काढत असत. थंड प्रदेशात ऊस येत नाही, म्हणून तेथील शेतकरी पांढरट रंगाचे हे बीट लावत. १९२० च्या दशकात कारखाना बंद पडला, पुढे गार्व्हर नावाच्या गृहस्थांनी तो घेऊन जनावरांच्या खाद्याची गिरणी केली आणि ती १९९० च्या दशकापर्यंत चालली. नंतर बरीच वर्षे ती वास्तू पडकी, छप्पर गेलेली अशी उभी होती. दुरुस्ती होऊन २०१९ मध्ये पुन्हा उघडली. मी मुलाकडे मॅडिसनला आलो असताना तेथे गेलो होतो. त्या उंच कमानींच्या खिडक्यांखाली उभा राहिलो तेव्हा आमच्या कारखान्याचा भोंगा आणि मळीचा वास आठवला.

शेजारीच ओलब्रिक उद्यान आहे. तेथील काचेच्या घरात उष्ण प्रदेशातली झाडे वाढवलेली आहेत. बाजार झाल्यावर नातवंडांना तेथे नेले, तर अर्धा तास कोकणात गेल्यासारखे वाटते.

---

हरितपर्ण | १३ जानेवारी

राहुरीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेऊन मी आता मिनेसोटात भाजीपाल्याच्या शेतावर काम करतो. पालकाचे आणि गाजराचे असे दोन्ही प्रश्न माझ्या रोजच्या कामातले आहेत.

पालक येतो तो पॉलीहाउसमध्ये, पण आपल्याकडे ढोबळी मिरचीला किंवा गुलाबाला असते तसे ते नियंत्रित पॉलीहाउस नसते. लोखंडी कमानींवर प्लॅस्टिक ताणलेले असते आणि अनेक ठिकाणी हीटर अजिबात नसतो. आत वाफ्यांवर पुन्हा क्रॉप कव्हर, म्हणजे कापडासारखे पातळ आवरण, घालतात, जसे आपल्याकडे कलिंगडाच्या किंवा मिरचीच्या रोपांवर घालतात. मेन राज्यातले एलियट कोलमन या पद्धतीचे मोठे जाणकार मानले जातात. त्यांचा ठोकताळा असा की असे एकेक आवरण घातले की पीक जणू ८०० किलोमीटर दक्षिणेला सरकते. त्या बंदिस्त थंडीत पालक मरत नाही. मात्र मॅडिसनच्या अक्षांशावर नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत दिवस दहा तासांपेक्षा लहान असतो आणि एवढ्या उजेडात वाढ जवळजवळ थांबते. म्हणून पेरणी ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरमध्ये उरकावी लागते. नोव्हेंबरपर्यंत रोप पुरते भरले पाहिजे. त्यानंतर ते वाफ्यात नुसते जिवंत उभे राहते आणि आम्ही लागेल तशी पाने खुडतो. पेरणीला दहा दिवसांचा उशीर झाला, तर डिसेंबरात खुडायला काही नसते आणि ती चूक फेब्रुवारीपर्यंत दुरुस्त करता येत नाही.

रात्री पाने गोठून काचेसारखी कडक होतात. तेव्हा हात लावला तर ती काळी पडतात. दुपारी ऊन चढले, पाने मऊ झाली की मगच खुडायची आणि सूर्य मावळायच्या आत आटपायचे. असे काही दिवशी दोन-तीन तासच मिळतात. सहा डॉलरमध्ये मजुरीचे हे तास आहेत.

चवीचे म्हणाल, तर थंडीत रोप आपल्या पेशींमध्ये साखर वाढवते, कारण साखर विरघळलेले पाणी शून्याच्या खाली गेल्यावर गोठते. पान वाचते ते त्या साखरेमुळे आणि आपल्या जिभेला गोडवा लागतो. उन्हाळ्यातल्या आणि जानेवारीतल्या पालकात हा फरक डोळे मिटून ओळखता येतो.

सातबारा दादा, गाजरे जुलैमध्ये पेरून ऑक्टोबरात, जमीन गोठण्याआधी काढतात. पाने देठापासून तोडायची, कारण पाने राहिली तर ती गाजराचे पाणी ओढतात. मग शून्य अंशाच्या अगदी जवळ आणि ९५ टक्क्यांहून जास्त दमटपणात ती ठेवायची. असे केले तर पाच-सहा महिने कडक राहतात. कांद्याला त्याच गारव्यात कोरडी हवा लागते, भोपळ्याला १० ते १३ अंशांची कोरडी खोली लागते आणि रताळ्याला त्याहून किंचित जास्त ऊब लागते. म्हणजे एका शेतकऱ्याला तीन-चार वेगवेगळ्या खोल्या सांभाळाव्या लागतात. सफरचंदे गाजरांपासून लांब ठेवतात, कारण सफरचंदातून सुटणाऱ्या इथिलीन वायूने गाजर कडू होते. घरच्या फ्रिजमध्येही हे पाळावे.

---

सातबारा | १३ जानेवारी

धन्यवाद, भाऊ. गाजर कडू का होते, याचे उत्तर मला आज मिळाले. आमच्याकडे द्राक्षाच्या प्रीकूलिंगला आणि कोल्ड स्टोअरेजला जो खर्च येतो तो पाहता, एकाच घरात चार हवामाने सांभाळणाऱ्या त्या माणसाला माझा नमस्कार सांगा. भोगीच्या सर्वांना शुभेच्छा.

---

चार्ल्सकाठ | १४ जानेवारी

तिळगूळ घ्या, गोड बोला.

मी बॉस्टनशेजारी सॉमरव्हिलला राहते. आमचा हिवाळी बाजार आर्मरी नावाच्या जुन्या लष्करी इमारतीत भरतो. समुद्र जवळ असल्याने मासळीही मिळते, आणि मालवणच्या माणसाला याहून काय हवे! आमच्याकडे २०१५ पासून बॉस्टन पब्लिक मार्केटही आहे. ते बारा महिने छपराखाली भरते आणि तेथे न्यू इंग्लंडमधलाच, म्हणजे बॉस्टनच्या परिसरातल्या सहा राज्यांतलाच, माल विकता येतो.

हिशेबनीसांचा ब्रेड-केकांबद्दलचा मुद्दा मला पटत नाही. जानेवारीत भाजीवाले दहाच आले आणि बाकीची दालने रिकामी राहिली, तर भाड्याचा भार त्या दहांवर पडेल आणि बाजार बंद होईल. पाव विकणारी बाई बाजाराचे छप्पर टिकवते, म्हणून गाजरवाल्याला जागा मिळते. शिवाय अनेकदा तिचे पीठ आणि अंडी शेजारच्याच शेतातली असतात. हे आम्ही विचारून घेतले आहे.

---

हिशेबनीस | १४ जानेवारी

हरितपर्ण यांचे स्पष्टीकरण उत्तम आहे आणि पालकाची किंमत अन्यायाची नाही, हे मी मान्य करतो. तथापि किंमत न्याय्य असणे आणि ती परवडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. चार्ल्सकाठ यांचा भाड्याचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता.

---

ओंटारियोची_आजी | १५ जानेवारी

टोरांटोत आमच्याकडे सेंट लॉरेन्स मार्केटचा शनिवारचा शेतकरी बाजार आहे. त्याची परंपरा १८०३ पासूनची आहे. तेथे मी सुनेबरोबर आवडीने जाते. पण मला सांगायचे आहे ते एका वेगळ्या गावच्या लहान हिवाळी बाजाराबद्दल, त्याचे नाव मी घेणार नाही. फेब्रुवारीत एका टेबलावर चकचकीत टोमॅटो आणि काकड्या होत्या आणि वर "आमच्या शेतातून" अशी पाटी होती. मी भाबडेपणाने दोन पौंड घेतले. घरी पिशवी रिकामी केल्यावर प्रत्येक टोमॅटोवर परदेशी कंपनीची गोल चिकटपट्टी निघाली. पैशांचे दुःख नव्हते. त्या माणसाशी मी पाऊण तास शेतीच्या गप्पा मारल्या होत्या, माझ्या माहेरच्या मळ्याबद्दल सांगितले होते, त्याचे वाईट वाटले.

त्यानंतर मी प्रत्येक टेबलावर तीनच गोष्टी विचारते : हे कधी पेरले, कधी काढले आणि कुठे साठवले? ज्याने पिकवले आहे तो या प्रश्नांवर खुलतो, हाताने खुणा करून सांगू लागतो. ज्याने पिकवलेले नाही तो पिशवी पुढे करतो. मृद्गंध, तुला मॅडिसनमध्ये हा त्रास होणार नाही असे जुना_मॅडिसनकर यांच्या लिहिण्यावरून दिसते, पण विचारायची सवय लाव, बाळ.

---

निरामिष | १६ जानेवारी

विस्कॉन्सिन म्हटले की चीज आलेच. चीज बनवण्यासाठी परवाना घ्यावा लागतो असे ते राज्य आहे. घरात मांसाहार होत नसेल तर रेनेटबद्दल अवश्य विचारावे. दूध साकळण्यासाठी पूर्वी वासराच्या जठरातले रेनेट वापरत. अमेरिकेत १९९० मध्ये सूक्ष्मजीवांकडून तयार करून घेतलेल्या कायमोसिनला, म्हणजे रेनेटमधल्या दूध साकळवणाऱ्या घटकाला, परवानगी मिळाली आणि आता बरेचसे चीज त्यापासूनच होते. मात्र काही जुन्या पद्धतीचे कारागीर आजही वासराचे रेनेट वापरतात. दुकानातल्या वेष्टनावर अनेकदा नुसते "एन्झाइम" एवढेच लिहिलेले असते, त्यावरून काहीच कळत नाही. बाजारात चीज करणारा माणूसच समोर उभा असतो, त्यामुळे एका वाक्यात खुलासा होतो. माझ्यासाठी त्या बाजाराचे मोल तेवढ्या एका वाक्यात वसूल होते.

चीज कर्ड, म्हणजे साच्यात दाबण्यापूर्वीचे चीजचे ताजे खडे, दाताखाली चुंयचुंय वाजतात. ते वाजणे दोन-तीन दिवसांत जाते. मायक्रोवेव्हमध्ये काही सेकंद ठेवले की पुन्हा वाजतात. मुलांना हे फार आवडते.

---

चुलवैल | १७ जानेवारी

विषय चीजकडे वळला आहे, तो मी पुन्हा भाजीकडे आणते, कारण "काय घ्यावे" याचे उत्तर अजून कोणी सरळ दिलेले नाही.

लाल भोपळा डोळे मिटून घ्या. बटरनट किंवा कबोचा आपल्या घारग्यांना आणि भरितालाही चालतो, आणि न चिरलेला भोपळा ओट्याखाली दोन महिने सहज राहतो. मोठे नवलकोल बघून घाबरू नका. साठवणीची ती जातच मोठी असते आणि आतून लुसलुशीत निघते. डाळ घालून भाजी करा. बाहेरून हिरवट-पांढरा आणि आतून गर्द गुलाबी असा मुळा दिसला, तर कोशिंबिरीला घ्या. रुटाबागा नावाचा पिवळसर कंद लोक उकडून लोण्याबरोबर खातात, पण काळा मसाला घालून रस्सा केला तर घरात कोणी ओळखत नाही.

बटाट्याबद्दल एक अनुभव. फार गारव्यात साठवलेल्या बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते, त्यामुळे काचऱ्या लवकर लाल-काळ्या होतात आणि गोडसर लागतात. घरी आणल्यावर असे बटाटे आठवडा-दोन आठवडे फ्रिजबाहेर अंधारात ठेवा, मग तळा.

कोथिंबीर, हिरवी मिरची, भेंडी, आले हे सगळे दुकानातूनच आणावे, त्यात कमीपणा नाही. अमेरिकेतला हिवाळी पाला बहुतांश ॲरिझोनातल्या युमा भागातून आणि कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल खोऱ्यातून येतो, मॅडिसनपासून सुमारे ३,००० किलोमीटरवरून. तो वाईट नसतो, पण पोहोचेपर्यंत त्याचे काही दिवस ट्रकमध्येच गेलेले असतात. पालकाच्या बाबतीत हा फरक पानाच्या देठावर कळतो.

---

जुना_मॅडिसनकर | १७ जानेवारी

आजच बाजारातून आलो. हिशेबनीसांनी परवडण्याचा मुद्दा मांडला तो मला आठवडाभर टोचत होता, म्हणून लिहितो. विस्कॉन्सिनमध्ये सरकारी अन्नसाहाय्याला फूडशेअर म्हणतात. ते कार्ड बाजारात चालते. माहितीच्या टेबलावर कार्ड दिले की त्या रकमेची खरेदी करता येते. आपल्या मंडळींत विद्यार्थी असोत वा नोकरी गेलेली कुटुंबे असोत, ज्यांना गरज आणि हक्क आहे त्यांनी संकोच करू नये.

आणखी एक गोष्ट उन्हाळ्यासाठी लक्षात ठेवा. व्हिएतनाम युद्धानंतर, १९७५ पासून, लाओसमधून ह्मोंग समाजाची कुटुंबे निर्वासित म्हणून या राज्यात आली. त्यांच्यातली अनेक शेतकरी कुटुंबे आज येथील बाजारांत उभी असतात. कारली, गवती चहा, चवळीच्या लांब शेंगा, तिखट मिरच्या हे सगळे जुलै-ऑगस्टमध्ये त्यांच्याकडे मिळते. एका ह्मोंग आजींनी मला कारल्याचे वेल दाखवायला शेतावर बोलावले होते. आम्हा दोघांचेही इंग्रजी तोकडे पडत होते, पण कारल्याला मांडव किती उंच हवा यावर आमचे लगेच एकमत झाले.

---

मृद्गंध | रविवार, १ फेब्रुवारी

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण आधी तिन्ही शनिवारी बाजारात जायचे आणि मग लिहायचे असे ठरवले होते.

भोगीची भाजी गाजर, बटाटा, दुकानातले वांगे आणि गोठवलेला पावटा यांची झाली. गाजर बाजारातले होते. मुलीने सुगडात घालायचे गाजर चावून पाहिले आणि तेथेच संपवले, म्हणून सुगडासाठी दुसरे काढावे लागले.

आजींचे तीन प्रश्न मी पाठ करून गेले. गाजरवाल्या काकांना विचारले तेव्हा ते आधी गोंधळले, मग टेबलामागून बाहेर आले आणि मला न धुतलेल्या गाजरांची पोती दाखवू लागले. माती लागलेली गाजरे अधिक टिकतात, धुतलेली मात्र लवकर खपतात, म्हणून ते आठवड्यापुरतीच धुतात. पेरणी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, काढणी ऑक्टोबरअखेर, साठवण जुन्या दुधाच्या गोठ्यात भिंतींना फोम मारून केलेल्या खोलीत. हिवाळ्यात दर आठवड्याला ते सगळी गाजरे हाताने चाळतात, कारण एक सडले तर शेजारची धरतात. मी त्यांना निफाडच्या कांदाचाळीबद्दल सांगितले. खालून वारा घेणाऱ्या फळीचे चित्र त्यांनी माझ्याकडून कागदी पिशवीवर काढून घेतले. सातबारा दादा, तुमचा नमस्कार पोहोचवला आहे.

पालकवाल्या बाईंकडे काल पालक नव्हता. गेल्या आठवड्यातल्या कडाक्यात पाने दुपारीही वितळली नाहीत, म्हणून खुडणीच झाली नाही. त्या तरीही आल्या होत्या, अंडी घेऊन, आणि येणाऱ्या प्रत्येकाला हेच समजावून सांगत होत्या. हरितपर्ण यांनी लिहिलेले वाचले नसते, तर मी मनात चरफडत परतले असते. काल मात्र मला त्या रिकाम्या टेबलासमोरून लगेच हलवेना.

माझ्या मूळ प्रश्नातला "शिल्लक" हा शब्द मी मागे घेते. हिशेबनीस, तुमचाही सल्ला मानला आहे : आठवड्याला पालकाची एकच पिशवी, तीही कच्ची खाण्यासाठी, ताकातल्या भाजीला गोठवलेला. गाजर, भोपळा, नवलकोल, बटाटे आणि सफरचंदे पूर्णपणे बाजारातून. या पाच जिनसांचा खर्च दुकानापेक्षा थोडाच जास्त येतो, आणि काही वेळा तेवढाच.

आता एकच विचारायचे आहे. १५ तारखेला महाशिवरात्र आहे. रताळी मला दोनच टेबलांवर दिसली आणि ती लवकर संपतात. आदल्या दिवशी मिळतील का?

---

जुना_मॅडिसनकर | १ फेब्रुवारी

आदल्या दिवसावर सोडू नका. ७ तारखेलाच घ्या आणि फ्रिजमध्ये मुळीच ठेवू नका. गारठ्याने रताळ्याचा गाभा कडक होतो आणि शिजता शिजत नाही. ओट्यावर टोपलीत राहू द्या. आम्ही दोघे त्या शनिवारी आठ वाजता दाराशी असू, हिरवी टोपी माझी. हिने तुमच्या मुलीसाठी तिळाच्या वड्या राखून ठेवल्या आहेत.

---

चुलवैल | १ फेब्रुवारी

रताळ्याच्या किसाला दाण्याचे कूट जरा जास्त घाला. तेथील नारिंगी रताळी आपल्यापेक्षा ओलसर असतात, कीस गोळा होतो. पांढऱ्या गराची मिळाली तर तीच घ्या.